३० जूनला मरणारी कामे



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय ‘सेवा क्लबांचे दीर्घकालीन नियोजन’ असा छापला आहे. विषयाला वीस मिनिटे आणि सत्कारांना दीड तास, असे आजचे नियोजन. तेव्हा गोड बोलायला माझ्याकडे वेळ नाही.

मी ऑडिटर आहे. सेवा क्लब आणि त्यांचे ट्रस्ट यांची दप्तरे तपासण्यात माझी उमर गेली. नावे घेणार नाही. व्यवसायाचे नियम आड येतात, आणि गरजही नाही, कारण दप्तर कोणाचेही उघडा, मजकूर तोच असतो. तुमची बुलेटिने मी वाचत नाही, डेडस्टॉक रजिस्टर वाचते. बुलेटिनात वस्तू दिल्याची बातमी असते. ती वस्तू पुढे कुठे गेली ते रजिस्टरात कळते, किंवा कळत नाही, आणि तेच जास्त बोलके असते. शिलाई मशिने, वॉटर कूलर, शवपेटी, शाळेचे डिजिटल बोर्ड. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत धावपळ करून मिळवलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. त्या वेळी त्या यंत्रांनी माणसे वाचवली, त्याबद्दल तुम्हाला नमस्कार. पण ते यंत्र नुसते कोपऱ्यात ठेवले तरी त्यातला झिओलाइट दमट हवेने निकामी होत जातो; ते अधूनमधून चालवावे लागते, फिल्टर बदलावे लागतात. ते कोणी करायचे? देणारा अध्यक्ष ‘माजी’ झाला. नव्या अध्यक्षाच्या यादीत ते नाही, कारण ते ‘त्यांच्या’ वर्षातले.

‘माझ्या वर्षात.’ आज सकाळपासून या मंचावर मी हे दोन शब्द किती वेळा ऐकले! माझ्या वर्षात बावीस प्रोजेक्ट झाले, माझ्या वर्षात गव्हर्नरसाहेब दोनदा आले. अहो, वर्ष तुमचे कधी झाले? गावाने तुम्हाला निवडले नाही, गावाला तुमचे नावही ठाऊक नाही. अध्यक्षपदाची कॉलर क्लबाची आहे, ती ड्रायक्लीन करून परत द्यायची असते.

आता त्या वर्षाचेच बघू. रोटरी घ्या नाहीतर लायन्स, तुमचे वर्ष १ जुलैला उघडते आणि ३० जूनला मिटते. हे वेळापत्रक अमेरिकेत ठरले. तिथे ते सोयीचे असेल. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते. नवा अध्यक्ष जुलैत शपथ घेतो, ऑगस्टमध्ये वह्यावाटप करतो, तोवर आईबापांनी उसनवारी करून वह्या घेतलेल्या असतात. झाडांचे खड्डे एप्रिल-मेमध्ये खणायचे, उन्हात तापू द्यायचे, शेणखत-माती भरून ठेवायची, की पहिल्या पावसाबरोबर रोप मातीत जाते. त्या दिवसांत जुने अध्यक्ष अल्बम चिकटवत असतात आणि नवे अध्यक्ष प्रशिक्षण शिबिरात बॅज लावून बसलेले असतात. मग जुलैच्या चिखलात घाईघाईने खड्डा, रोप, फोटो. दरवर्षी त्याच टेकडीवर, बहुधा त्याच खड्ड्यात. कंपन्यांच्या सीएसआरचे पैसे एप्रिल ते मार्च या वर्षात ठरतात आणि संपतात. म्हणजे शेतकऱ्याचे, शाळेचे, कंपनीचे, सरकारचे, कोणाचेच वर्ष तुमच्या वर्षाशी जुळत नाही, आणि तुम्ही म्हणता लोकसहभाग मिळत नाही.

डायलिसिसचे उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण हल्ली प्रत्येक क्लबाला डायलिसिस सेंटर हवे आहे. काम चांगले आहे, गरज खरी आहे. पण ते काय असते हे उद्घाटनाच्या फितीवरून कळत नाही. रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा यावे लागते, दर वेळी चारेक तास. त्या वेळात मशिनला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने एकशे वीस लिटर शुद्ध पाणी लागते. नळाचे चालत नाही, त्याला वेगळा आरओ प्लँट, त्याचे मेम्ब्रेन, पाण्याची नियमित तपासणी. तंत्रज्ञ लागतो, आणि तालुक्याच्या गावी तंत्रज्ञ टिकत नाही, कारण शहरातले रुग्णालय जास्त पगार देते. डायलायझर, नळ्या, औषधे, वीज, जनरेटर. मशिनची किंमत हा या सगळ्यातला सर्वांत सोपा खर्च, कारण तो एकदाच करायचा असतो आणि त्याच्यावर नाव लिहिता येते. मेम्ब्रेनवर नाव लिहिता येत नाही. म्हणून मशीन द्यायला देणगीदार रांगेत, आणि मेम्ब्रेन बदलायची वेळ आली की पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत शुकशुकाट. मूत्रपिंड गेलेल्या माणसाला ‘नवे अध्यक्ष येईपर्यंत थांबा’ असे सांगता येत नाही. तुम्ही त्याला आठवड्यातून तीनदा शब्द दिला आहे, आणि तो तुमच्या कारकिर्दीपेक्षा लांबचा आहे. हे पेलवणार नसेल तर सेंटर काढू नका. सरळ रुग्णांच्या प्रवासाचे भाडे द्या. त्यात फोटो बरा येत नाही, पण माणूस उपचाराला पोचतो.

बंधाऱ्यांचीही हीच गत. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की बर्गे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढून कुलुपात ठेवायचे, गाळ उपसायचा. हे दरवर्षी. बर्गे चोरीला गेले तर फिर्याद कोणी द्यायची, एवढेही करारात नसते. मुळात करारच नसतो.

यावर तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. ‘मॅडम, आमच्याकडे दीर्घकालीन नियोजन समिती आहे.’ आहे ना! माजी अध्यक्षांची सोय लावण्यासाठी निघालेली ती समिती. वर्षातून एकदा हॉटेलात भरते, मागच्या वेळचे इतिवृत्त कायम करते आणि जेवते. तिच्याकडे पैसा नाही, अधिकार नाही. नव्या अध्यक्षाने तिचे ऐकलेच पाहिजे असा नियम नाही. दात नसलेल्या समितीने चावायचे कोणाला?

तुमची माझ्याबद्दल एक शंका असेल: ही बाहेरची बाई, हिला क्लबाचे काय कळते? बाहेरची खरीच. रोटरीच्या नियमांत १९८९ पर्यंत बाईला सभासद म्हणून जागाच नव्हती, तीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कान धरल्यावर झाली. तोवर आम्ही बायका सभासदांच्या ‘ॲन’ होतो, म्हणजे चहापाणी आणि रांगोळी. तेव्हा बाहेरून बघण्याची सवय आम्हाला तुमच्यापेक्षा जुनी आहे.

आणि बाहेरून बघतानाच मला दिसते की तुमच्याच घरात याचे उत्तर पडून आहे. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपाइन्समध्ये साठ लाख मुलांना पोलिओची लस द्यायला हात घातला. १९८५ मध्ये जगभरासाठी मोहीम जाहीर केली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह सगळे एकत्र आले तेव्हा सव्वाशेहून अधिक देशांत पोलिओ होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले पांगळी होत होती. २००० सालापर्यंत पोलिओ संपवायचा असे ठरले. २००० साल आले, गेले. पोलिओ होताच. तुमच्या क्लबाच्या हिशेबाने तो प्रोजेक्ट फसला. बॅनर गुंडाळा, नवी थीम घ्या. त्यांनी गुंडाळला नाही. २००९ मध्ये एकट्या भारतात ७४१ रुग्ण सापडले, जगात सर्वांत जास्त. तरीही नाही. १३ जानेवारी २०११ ला हावड्याच्या एका लहान मुलीचा रुग्ण नोंदला गेला, तो देशातला शेवटचा. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र हातात पडले. १९८५ ते २०१४ या काळात रोटरीचा आंतरराष्ट्रीय अध्यक्ष दरवर्षी बदलत होता. त्यांतल्या प्रत्येकाला ‘माझे वर्ष’ होते, घोषवाक्य होते, टाय होता. पण पोलिओ कोणाच्या वर्षाचा नव्हता. पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे आणि काम अजून चालू आहे. त्याच संघटनेचे सभासद असून तुम्ही मला सांगता की अध्यक्ष दरवर्षी बदलतो म्हणून दहा वर्षांचे काम हाती घेता येत नाही!

पैशाचेही तेच. तुमच्या रोटरी फाउंडेशनची कल्पना १९१७ मध्ये आर्च क्लम्फ नावाच्या अध्यक्षाने मांडली, आणि त्यात पहिली देणगी आली ती कॅन्सस सिटीच्या क्लबाची, साडेसव्वीस डॉलर. कार्यक्रमातून उरलेला पैसा. मला ऑडिटर म्हणून हा माणूस फार आवडतो. त्या क्लबाने ते साडेसव्वीस डॉलर निरोपाच्या जेवणावर उडवले असते तर कोणी विचारले नसते. आपल्याकडे ३० जूनला शिल्लक शून्य करण्याची जी धडपड चालते ती मी जवळून बघते. पुढच्या अध्यक्षाला पैसा मिळू नये म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात छत्र्या वाटल्या जातात. हसू नका, छत्र्यांची बिले मी पाहिली आहेत.

आता उलट बाजूही बोलते, नाहीतर कोणी उठून म्हणेल की जुने ते सोने. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिसने तीन मित्रांसह रोटरीची पहिली बैठक भरवली. त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. शिकागोचा माणूस क्लबात यायचा तो धंदा सांभाळून. पुण्यात येणाऱ्याला शपथ होती की स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही, आयुष्य देशाला देईन. त्याआधी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्याला वीस वर्षे सेवेची हमी द्यावी लागे. आज त्या दोन १९०५ कडे बघा. शिकागोच्या रोपाचे जगभर बाराएक लाख सभासद झाले आणि भारत सेवक समाजाचा व्याप आक्रसला. माणसाने अख्खा जन्म द्यावा अशी अट घातली की माणसे मिळेनाशी होतात, आणि जी मिळतात त्यांतली काही खुर्चीला चिकटतात. आपल्या जिल्ह्यात वीस-वीस वर्षे न हललेले संस्थांचे कार्यवाह तुम्हीही पाहिलेत. म्हणून दरवर्षी अध्यक्ष बदलण्याला माझा विरोध नाही, ती तुमची चांगली रीत आहे. माणूस बदला, खुशाल बदला. काम बदलू नका. इथून जवळच्या काले गावी १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा ठरवले काय होते? खेड्यातले पोर शिकले पाहिजे, एवढे. पुढे मोटारी बदलल्या, सरकारे बदलली, शाळांची महाविद्यालये झाली. दरवर्षी नवी थीम कोणी काढली नाही.

‘नव्या अध्यक्षाचा उत्साह मारला जाईल,’ असे पहिल्या रांगेतले एक माजी अध्यक्ष चहाच्या वेळी मला म्हणाले. जो उत्साह दुसऱ्याने लावलेल्या झाडाला पाणी घालताना मरतो, तो आधीच मेलेला असतो. नवा सभासद तुमच्याकडे का टिकत नाही, तेही यातच आहे. तिशीतली मुले येतात, दोन शिबिरे बघतात, त्यांना कळते की इथे काम मोजतात, तपासत नाहीत. मोतीबिंदूच्या शंभर शस्त्रक्रियांचा आकडा जिल्ह्याला कळवला जातो. त्यांतल्या किती जणांना नंतर चष्मा मिळाला, दुसऱ्या डोळ्याचे काय झाले, हे विचारणारा रकानाच अहवालात नसतो. सायटेशनचे, म्हणजे प्रशस्तिपत्राचे, गुण संख्येला आहेत. गुण देणाऱ्या जिल्हा पदाधिकाऱ्यांनाही मी यात धरते. व्यासपीठावर बसलेले असले तरी.

तर अध्यक्षस्थानावरून मी एक ठराव मांडते. संयोजकांना तो आधी दाखवलेला नाही, कारण दाखवला असता तर तो ‘विचारार्थ समितीकडे’ गेला असता.

प्रत्येक क्लबाने सर्वसाधारण सभेत, गावकऱ्यांना बोलावून, दहा वर्षांसाठी एक काम निवडावे. ते बदलायचे तर तीन चतुर्थांश सभासदांचे मत लागेल, अध्यक्षाचे एकट्याचे नाही. कोणतीही वस्तू किंवा इमारत देताना तिच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा देखभालीसाठी मुदतठेवीत ठेवल्याशिवाय फीत कापू नये. ट्रस्टचे विश्वस्त क्लबाच्या पदाधिकाऱ्यांपासून वेगळे आणि लांब मुदतीचे असावेत. अध्यक्षाला पदसिद्ध विश्वस्त करता आणि मग ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा फेरफार अहवाल विसरता, बँकेत सही जुन्या माणसाची राहते आणि ठेव अडकते. हे दरवर्षीचे दुखणे आहे. नव्या अध्यक्षाने १ एप्रिलपासून जुन्याबरोबर काम सुरू करावे. आणि कोनशिलेवर अध्यक्षाचे नाव नको: वस्तू बिघडली तर कोणाला फोन करायचा तो नंबर आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख, एवढेच तिथे असावे.

शेवटच्या कलमावर मला सर्वांत जास्त विरोध होईल हे दिसतेच आहे. कुजबुज तिथूनच सुरू झाली.

अनुमोदक हवा. माजी अध्यक्षांनी तूर्त हात खाली ठेवावेत. मागच्या रांगांत जे गेल्या दोन-तीन वर्षांत सभासद झाले आहेत, त्यांच्यापैकी कोणीतरी उभे राहा, नाव सांगा, म्हणजे इतिवृत्तात घेता येईल. मतदान हात वर करून होईल, आणि विरोधातले हातही मी मोजून नोंदवणार आहे.