कॉपीराइटचं कुंपण कुठे संपतं?



आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. नोकरी बदलताना एक शंका मनात येतेच: जुन्या कंपनीत शिकलेलं नव्या ठिकाणी वापरलं, तर ती चोरी होईल का?

कॉपीराइटपुरतं उत्तर असं: लिहिलेला कोड उचलू नका, काम करण्याची रीत खुशाल वापरा. अमेरिकेत १९८० च्या दुरुस्तीने प्रोग्रॅमला कॉपीराइट मिळतो हे पक्कं झालं. पण त्याच कायद्याचं १०२ (ब) कलम सांगतं की कल्पना, प्रक्रिया आणि पद्धत यांना तो मिळत नाही.

हा विचार संगणकाच्याही आधीचा आहे. सेल्डन यांनी हिशेब ठेवण्याची नवी पद्धत पुस्तकात मांडली होती. १८८० साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, पुस्तकाला संरक्षण आहे. पण ती पद्धत आणि तिला लागणारे वह्यांचे रकाने सर्वांना खुले आहेत.

पुढे बोर्लंडने आपल्या स्प्रेडशीटमध्ये लोटस १-२-३ च्या मेन्यूंची रचना घेतली, कोड घेतला नाही. लोकांनी लोटसमध्ये लिहिलेले मॅक्रो चालावेत, हा हेतू. १९९५ साली अपील कोर्टाने ठरवलं की मेन्यू ही प्रोग्रॅम चालवण्याची पद्धत आहे. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात मतं चार-चार पडली. निकाल टिकला, पण देशभर लागू होणारा दंडक झाला नाही.

गूगलने अँड्रॉइडसाठी जावाच्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या. ओरॅकलने २०१० साली दावा लावला. २०२१ मध्ये कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी हा ‘फेअर यूज’ ठरवला. अशा ओळींना मुळात कॉपीराइट आहे का, हा प्रश्न मात्र अनिर्णित ठेवला.

खरी अडचण इथेच आहे. अकरा वर्षं कोर्टात लढणं गूगलला परवडतं. चार जणांची कंपनी नुसत्या नोटिशीनेच गप्प बसते. सीमा कायद्यात आहे, पण ती धूसर राहिली की फायदा दांडग्याचाच होतो.

एक सावधगिरी: ट्रेड सीक्रेट, पेटंट आणि नोकरीचा करार यांची बंधनं वेगळी असतात. सही करण्यापूर्वी करार नीट वाचा. पण कॉपीराइटच्या नावाने कुणी तुमच्या डोक्यातल्या ज्ञानावर हक्क सांगू लागला, तर त्याला विचारा, ‘माझ्या कोडमधली कोणती ओळ तुमची आहे?’