ठेका आणि ओळ : बिथरलेल्या कुमारांसाठी एक निराळी वाट



शाळेच्या पटावर नाव असून वर्गात न दिसणारा, खर्ऱ्याची पुडी खिशात बाळगणारा, घरच्यांशी बोलणे टाकलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा सानगडीला काय किंवा साकोली तालुक्यातील अन्य गावांना काय, अपरिचित नाही. त्याच्यापुढे वडीलधाऱ्यांकडून बहुधा दोनच गोष्टी येतात : उपदेश, नाहीतर शिक्षा. याहून निराळी वाट दाखविणारा एक अनुबोधपट दिशा नोयोनिका रिंदानी यांनी तयार केला आणि २०१४ साली तो मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. ‘बॉम्बे ७०’ हे त्याचे नाव. कुर्ला पश्चिम भागाच्या ४०००७० या टपाल क्रमांकावरून ते घेतलेले आहे.

कुर्ल्याचा नावेद शेख हा त्या पटाचा नायक. पुढे तो ‘नेझी’ या नावाने प्रसिद्धीस आला. कुमारवयात उनाड संगतीत वावरणाऱ्या या मुलाच्या कानी शॉन पॉल या जमैकन गायकाचे गीत पडले आणि त्याने त्याची नक्कल आरंभिली. नक्कल हळूहळू मागे पडली. स्वतःची वस्ती, तिथली बोली आणि तिथला राग ओळींत उतरू लागला. ‘आफत’ हे गीत त्याने घरातल्या एका आयपॅडच्या साहाय्याने सिद्ध केले. २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटाला त्याच्या आणि अंधेरीच्या ‘डिव्हाइन’च्या जीवनातून प्रेरणा मिळाली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कीर्ती हा या कथेचा गौण भाग होय. ती हजारांत एखाद्यास लाभते. मुलगा वही घेऊन बसला, ही खरी घटना.

या संगीताचा जन्मही अशाच मुलांमध्ये झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जळालेली घरे, बेकारी आणि टोळ्यांच्या मारामाऱ्या यांनी कळस गाठला असताना १९७१ च्या डिसेंबरात टोळ्यांनी आपसांत तह केला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत कूल हर्क याने बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. हिप-हॉपचा आरंभ त्या रात्रीपासून मानतात. एडगर टायसन या समाजकार्याच्या अभ्यासकाने २००२ साली या गीतांचा उपयोग बिथरलेल्या मुलांच्या समुपदेशनात करून त्यावर शोधनिबंध लिहिला.

या पद्धतीत गूढ असे काही नाही. प्रथम मुलाच्याच आवडीचे गीत लावून त्यावर बोलावयाचे. त्यात हाणामारीची शेखी किंवा स्त्रियांविषयी हीन शब्द असले, तरी ते न लपविता त्यावरच चर्चा करावयाची. मग त्याने स्वतः लिहावयाचे. चार मात्रांच्या ठेक्यात वाक्य बसवायचे, तर शब्द निवडावा लागतो, खोडावा लागतो. तेवढ्या अवधीत राग थोडा थांबतो. शेवटी ध्वनिमुद्रण, आणि आपलाच आवाज इतरांसमवेत ऐकणे. जे समोरासमोर सांगवत नाही, ते ठेक्यावर सांगता येते.

भंडाऱ्याच्या श्रोत्यांना यात परके काय आहे? दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री दंडार आणि खडी गंमत रंगते. शाहिरांचे सवाल-जवाब ऐकून मोठे झालेल्यांना रॅपमधील शाब्दिक झुंज समजावून सांगावी लागणार नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने तर याच विदर्भात तरुणांना गोळा केले होते. ढोलकी, खंजिरी अथवा मोबाईलवरील ठेका, काहीही चालेल. शाळेची एक खोली, आठवड्यातून एक ठरलेला तास आणि मध्येच न टोकता ऐकणारा एक शिक्षक एवढी सामग्री पुरे. हा तास शाळेच्या वेळातच असावा. सायंकाळी ठेवला, तर मुली येऊ शकणार नाहीत, आणि घुसमट मुलींची अधिक असते.

मात्र शासकीय उत्साहाने या गोष्टीचा घात होण्याचा संभव आहे. मुलगा लिहितो की बाप दारू पिऊन आईला मारतो. आपण ती ओळ गाळून तिथे स्वच्छतेचे घोषवाक्य घालतो आणि ते गीत स्वातंत्र्यदिनी म्हणवून घेतो. असा मुलगा पुढच्या आठवड्यास येत नाही. त्याची वही त्याचीच असली पाहिजे; त्याच्या अनुमतीवाचून ती ग्रामसभेत वा स्नेहसंमेलनात वाचली जाऊ नये.

याला एकच अपवाद. ओळींतून मारहाण, लैंगिक अत्याचार वा जीव देण्याचा विचार दिसला, तर गीत हा उपचार नव्हे. त्या मुलाला विश्वासात घेऊन त्याच दिवशी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर अथवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे कळवावे. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक त्या खोलीच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, ठळक लिहून ठेवावेत.