एकच ताळेबंद, दोन न्यायालयं



आज कायद्याची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कॉर्पोरेट फर्म हवी असेल, काहींना फौजदारी वकिली. कुटुंब न्यायालयाचं नाव सहसा कुणी घेत नाही. तिथे नुसती रडारड, कायद्याचं काम कमी, असा समज आहे. मी आर्थिक गुन्ह्यांची प्रकरणं चालवतो आणि आज त्या कोर्टाची बाजू घ्यायला उभा आहे.

मोठ्या पैशाचा संसार मोडतो तेव्हा एकाच माणसाचा ताळेबंद दोन ठिकाणी उघडला जातो. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात नवरा सांगतो, धंदा बुडाला, कंपन्या भावाच्या नावावर आहेत, मी नुसता पगारदार. त्याच आठवड्यात ईडी विशेष न्यायालयात सांगत असते की या सगळ्या कंपन्यांमागचा खरा मालक हाच. दोन्हीकडे त्याचे वकील वेगळे, आणि एकाचे कागद दुसऱ्याने पाहिलेले नसतात.

पूर्वी हे खपून जायचं. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल दिला. मूळ प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातलं, पत्नीची पोटगी महिना पंधरा हजार; श्रीमंतीचा त्यात मागमूस नाही. पण तेव्हापासून पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज ठरलेल्या नमुन्यात शपथेवर लिहून द्यायचं असतं. जोडीदाराच्या मालमत्तेबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे, याचाही रकाना त्यात आहे. हा रकाना मला फार आवडतो. वीस वर्षं त्या घरात काढलेल्या बाईला कुठला फ्लॅट कुणाच्या नावावर घेतला, हे सीएपेक्षा जास्त माहीत असतं. ती तो भरते आणि तपास यंत्रणेचं निम्मं काम आयतं होतं.

मग अशील तुमच्या चेंबरमध्ये येऊन म्हणतो, "साहेब, जरा मोघम लिहा ना." खरं लिहिलं तर ईडीच्या हाती लागेल ही त्याची भीती खोटी नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, हे तुम्ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये वाचलं आहे. पण जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालानुसार ईडीचे अधिकारी पोलीस नाहीत आणि समन्स आलेला माणूस त्या टप्प्यावर आरोपीही नाही, म्हणून त्याचा जबाब पुराव्यात येऊ शकतो. मला हे पटलेलं नाही, पण आज कायदा असा आहे. अशा वेळी प्रतिज्ञापत्रावर सही होण्याआधी दोन्ही वकिलांनी एका टेबलाशी बसायला हवं. कुटुंब न्यायालयाची सुनावणी बंद दाराआड घ्या, असा अर्ज करता येतो, तो करा. मोघम मात्र लिहू नका. शपथेवर खोटं लिहिणं हा वेगळाच गुन्हा होतो आणि त्याला जामीन मिळवायला पुन्हा तुम्हीच जाणार.

आता बायकोच्या बाजूने बघा. घरच्या कंपनीत तिला डायरेक्टर केलेलं असतं. "इथे सही कर" एवढीच तिची बोर्ड मीटिंग. घटस्फोट मागायला येते तेव्हा कळतं की तिच्या नावावरचा फ्लॅट गुन्ह्यातून आलेला पैसा म्हणून १८० दिवसांसाठी तात्पुरता जप्त आहे आणि पुढचं भांडण दिल्लीतल्या प्राधिकरणापुढे. अटक झालीच तर मनी लाँडरिंगच्या कायद्यात स्त्रीला जामिनाच्या कडक अटींतून सवलत आहे, पण ती द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं.

निम्मी मालमत्ता बायकोची, हा आपल्याकडे सिनेमातला कायदा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, नवऱ्याच्या संपत्तीत हिस्सा नाही. गोवा वेगळा. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी दुसरा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यातही त्यासाठी कलम ५अ घालावं लागलं. गोव्यातली पत्नी जप्तीपुढे मालकीण म्हणून युक्तिवाद करू शकते. सावंतवाडीच्या तिच्या बहिणीला आधी पावत्या शोधाव्या लागतात. एवढा फरक का असावा, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

अशिलाने सांगितलेलं गुपित राखणं हे तुमचं कर्तव्य आहे. बेकायदा गोष्ट करण्यासाठी झालेलं बोलणं मात्र साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ च्या आड लपत नाही. २०२५ मध्ये ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढलं, वकीलवर्ग खवळला तेव्हा मागे घेतलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला. गुपिताचं हे संरक्षण वकिलासाठी नसून अशिलासाठी आहे. मालमत्ता भाच्याच्या नावावर फिरवायचा मसुदा तुम्हीच केलात, तर त्याचा आधार तुम्हाला मिळणार नाही.

राहिली फी, जिच्याबद्दल अशा समारंभात कुणी बोलत नाही. मिळालेल्या पोटगीवर टक्केवारी घेणं बार काउन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि खाती गोठलेला अशील पिशवीत रोख घेऊन आला, तर पैसे कुठून आणले ते विचारा. त्याला राग येईल, कदाचित तो समोरच्या चेंबरमध्ये जाईल. जाऊ द्या.