पाहुणा आणि पहारेकरी



उपनगरांत राहणाऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं सुट्टीच्या दिवसांत गांवाकडचे पाहुणे येतात. अंधेरी असो कीं बोरिवली, मुलुंड असो कीं घाटकोपर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं प्रश्न निघतोच, "यांना मुंबई दाखवायची ना?" मग डबे भरले जातात आणि मंडळी लोकलनें शहरांत उतरते. राणीची बाग, समुद्र आणि वस्तुसंग्रहालय हे त्या यात्रेंतले ठरलेले मुक्काम. संग्रहालयांत काय पहावें हें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहें तें तेथें जाणाऱ्या पाहुण्याविषयीं, आणि त्याला दालनाच्या दाराशीं भेटणाऱ्या पहारेकऱ्याविषयीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझी आत्या कोंकणांतून आमच्याकडे आली होती. वय सत्तरीच्या घरांत. तिला मीं एका संग्रहालयांत नेलें. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एका दालनांत तांब्यापितळेचीं जुनीं भांडीं मांडलेलीं होतीं. त्यांत एक घंगाळ होतें. तसेंच घंगाळ तिच्या माहेरीं होतें. आत्या पुढें वांकली आणि तिनें त्याच्या कडीला नुसतें बोट लावलें. त्यासरशीं पहारेकरी ओरडला, "ए बाई, हात लावूं नको! पाटी दिसत नाहीं का?" सगळें दालन वळून पाहूं लागलें. आत्याला वाचतां येत नव्हतें. तिनें दोन्ही हात पदराखालीं घेतले, आणि पुढचीं सर्व दालनें ती तशीच, खालीं मान घालून चालली. बाहेर आल्यावर एवढेंच म्हणाली, "शिकल्यासवरल्या माणसांची जागा ही. मला कशाला आणलेंस रे?"

त्या प्रश्नाचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं.

सारा दोष त्या पहारेकऱ्याचा होता असें मी म्हणणार नाहीं. नियम योग्यच आहे. हाताच्या घामानें धातूवर डाग पडतात, आणि शेंकडों बोटें रोज लागूं लागलीं तर दगडही झिजतो. शिवाय तो बिचारा सकाळपासून उभा. समोरची वस्तु कोणती, कोठून आली, हें त्याला कोणीं सांगितलें असेल असें मला वाटत नाहीं. त्याला राखण करावयास नेमलें होतें. यजमानपण त्याला कोणीं शिकविलेंच नव्हतें. घंगाळ सुरक्षित राहिलें, पाहुणा मात्र गमावला.

पुढच्या वर्षीं मुलांच्या हट्टामुळें दुसऱ्या एका संग्रहालयांत जाणें झालें. आत्या म्हणाली, "मी आपली बाहेरच बसतें." दाराशीं असलेल्या पहारेकऱ्यानें तें ऐकलें. "आजी, उन्हांत कां बसतां? आंत या," म्हणून त्यानें आपली खुर्ची तिला दिली. समोरच शिरवाळ्यांचा एक लांकडी सांचा ठेवलेला होता. आत्याची नजर तेथें खिळली. पहारेकऱ्यानें विचारलें, "तुमच्याकडे होता वाटतें असा? हा चालवीत कसा?" मग काय विचारतां! एकीनें कसें दाबावयाचें, दुसरीनें खालीं ताट कसें फिरवावयाचें, नारळाच्या रसांत गूळ किती घालावयाचा, हें सारें आत्यानें सांगितलें. भोंवतीं दहापांच माणसें जमलीं. शेवटीं तो म्हणाला, "आजी, हें मी आतां पुढच्यांना सांगत जाईन. फक्त हात लावूं नका हं, लांकूड फार जुनें झालें आहे." आणि आत्याच नातवंडांवर डाफरली, "लांब उभे रहा रे, ऐकूं नाहीं का आलें?"

नियम दोन्ही ठिकाणीं एकच होता. एके ठिकाणीं त्यानें पाहुण्याला परका केलें, दुसऱ्या ठिकाणीं पाहुणाच त्याचा राखणदार झाला.

आपल्या मुंबईंतलीं संग्रहालयें मुळांत परक्यांसाठीं उभीं राहिलीं नाहींत. भायखळ्याचें संग्रहालय १८७२ सालीं लोकांना खुलें झालें. त्याच्या उभारणीसाठीं डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या एतद्देशीय पुढाऱ्यांनीं खटपट केली. आरंभीं त्याला इंग्लंडच्या राणीचें व तिच्या पतीचें नांव होतें. १९७५ सालीं भाऊ दाजींचें नांव देण्यांत आलें. तेथें निरनिराळ्या जातिजमातींच्या व कारागिरांच्या मातीच्या प्रतिमा आहेत. खेड्यांतून आलेला माणूस तेथें आपलेंच रूप पाहतो. त्याला तेथें बुजल्यासारखें कां वाटावें?

दक्षिण मुंबईंतील ज्या संग्रहालयाला आज छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव आहे, त्याचा पाया १९०५ सालीं घातला गेला आणि दारें लोकांस उघडलीं तीं १९२२ सालीं. मधल्या काळांत, पहिल्या महायुद्धाच्या वेळीं, त्या इमारतींत लष्करी रुग्णालय होतें. मूर्ति आणि चित्रें मांडलीं जाण्यापूर्वीं त्या वास्तूनें आजारी आणि जखमी माणसांना आसरा दिला होता. आतिथ्य त्या भिंतींना नवें नाहीं.

याहून जुना धडा तर आपल्या बोरिवलीच्या डोंगरांतच आहे. कान्हेरीला शंभरांवर लेणीं आहेत. चित्रकलेचा वा शिल्पकलेचा अभ्यास नसलेला माणूसही तेथें दोन गोष्टी ओळखतो: बसावयास दगडांत कोरलेले ओटे, आणि लेण्याशेजारीं पाण्याचें टांकें. तेथील ब्राह्मी लेखांत अशीं टांकीं आणि आसनें दान करणाऱ्यांचीं नांवें आहेत. आपण कधीं पाहणार नाहीं अशा माणसाच्या तहानेची काळजी त्यांनीं वाहिली. नव्वदाव्या लेण्यांत पहलवी लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ या सालीं तेथें येऊन गेलेल्या पारशी मंडळींचीं नांवें त्यांत कोरलेलीं आहेत. मुंबईंतलें अभिप्रायाचें हें फार जुनें पुस्तकच म्हणावें. अर्थात् आज कोणीं तसें नांव कोरूं नये. आतां त्यासाठीं कागदाची वही असते.

म्हणून माझें मागणें थोडें आहे. प्रत्येक दालनांत म्हाताऱ्यांना बसावयास बांक असावें. प्यावयाचें पाणी शोधावें लागूं नये. पहारेकऱ्याला आपल्या दालनांतल्या चार वस्तूंची गोष्ट शिकवावी, आणि त्यालाही एक खुर्ची द्यावी. आणि आपण पाहुण्यांनींही एवढें करावें: आंत शिरतांना त्याला नमस्कार करावा व विचारावें, "तुम्हांला यांतलें कोणतें आवडतें?" ज्याला आजवर कोणीं कांहीं विचारलें नाहीं, तो असा एक प्रश्न ऐकून कसा खुलतो हें मीं पाहिलें आहे.

आत्या आतां नाहीं. पण त्या दुसऱ्या दिवशीं परततांना गाडींत ती म्हणाली होती, "पुढल्या खेपेला आलें कीं त्यांना सांगायचें राहिलें तें सांगेन." तिच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर तिनेंच देऊन टाकलें होतें.