नोंदणी आधी, कंटेनर मागाहून



गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या एका अंगाला एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा स्पंज आयर्न कारखाना. शेजारी एवढं लोखंड असताना बाहेरून कशाला आणायचं, असं कुणीही विचारील. पण खास दर्जाची प्लेट, सीमलेस पाइप, जास्त ताकदीचे बोल्ट कधी कधी परदेशातूनच मागवावे लागतात. आपल्याकडचा एखादा पुरवठादार तरुण उद्या या व्यवहारात उतरेल, त्याच्यासाठी आजचं हे बोलणं.

माल अडकला की आपण कस्टमला बोल लावतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा पर्चेस ऑर्डर लिहितानाच अडकलेला असतो.

ऑर्डरवर नुसतं ‘पाइप’ लिहून भागत नाही. कस्टमच्या वर्गीकरणात, म्हणजे एचएस कोडमध्ये, सीमलेस पाइप ७३०४ मध्ये जातो, जोडाचा सर्वसाधारण पाइप ७३०६ मध्ये. नट-बोल्ट यंत्रासाठी आणलेले असले, तरी ते यंत्राच्या ८४ व्या प्रकरणात बसत नाहीत, ७३१८ मध्येच येतात. इथे बरेच जण फसतात. कोड चुकला की नोंदणी राहून जाते, कारण ७२, ७३ आणि ८६ या प्रकरणांतल्या लोखंडी मालाला ‘सिम्स’ची, म्हणजे पोलाद आयातीची, आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते. १ नोव्हेंबर २०१९ पासून ही पद्धत सुरू झाली, पुढे तिची व्याप्ती वाढली. तांबं आणि ॲल्युमिनियमसाठी तशीच वेगळी नोंदणी २०२१ मध्ये आली. माहिती भरली की नंबर आपोआप मिळतो, कुणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. मात्र तो नंबर बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टमकडे भरायच्या आयातीच्या कागदात, हवाच.

खरा वेळ खातो तो बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, परवाना. दलाल सांगतो, “कंपनीकडे बीआयएस आहे, काळजी नको.” काळजी करा! हा परवाना ठरावीक कारखान्याच्या पत्त्यावर आणि ठरावीक आयएस मानकावर दिलेला असतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मिलचा माल त्यावर चालत नाही. आणि परदेशी मिलला नवा परवाना मिळायला महिने लागतात. तोवर कंटेनर बंदरात उभा ठेवणं कोणाला परवडेल?

समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री साधारणपणे जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते, सुट्टी असली तरी. २०२१ च्या अर्थसंकल्पाने हा बदल केला. उशीर झाला, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,००० रुपये आकार बसू शकतो. बंदरात माल पडून राहिल्याचं डिमरेज आणि कंटेनरचं भाडं वेगळंच.

तेव्हा आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी तीन कागद मागवून घ्या: मिलचा बीआयएस परवाना, मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि एचएस कोड लिहिलेलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. ते आपल्या कस्टम एजंटला दाखवा, त्याचा होकार लेखी घ्या आणि मगच पैसे पाठवा.