परीक्षणाची नोंद वाचकांपुढे यावी



वैद्यकीय नियतकालिकांतील तज्ज्ञपरीक्षण अधिक पारदर्शक कसे करावे, या प्रश्नावर भरलेल्या या परिषदेत स्वागत समिती आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. आलेला शोधनिबंध त्या विषयातील जाणकारांकडे पाठवून, त्यांच्या अभिप्रायाच्या आधारे संपादकाने तो स्वीकारणे, दुरुस्तीसाठी परत करणे किंवा नाकारणे, ही पीअर रिव्ह्यू नावाने ओळखली जाणारी पद्धत होय. रुग्णाला कोणते औषध द्यावे हे ठरवणारा पुरावा याच चाळणीतून येतो, मात्र तिच्यात काय अडले आणि तिच्यातून काय निसटले, हे बहुतेक वाचकांना कधी कळत नाही.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 22 मे 2020 रोजी कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरील एक निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यामागे 671 रुग्णालयांतील 96,032 रुग्णांची माहिती असल्याचे सांगितले गेले, आणि तीन दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी तात्पुरती थांबवल्याचे जाहीर केले. निबंधात ऑस्ट्रेलियातील कोविडचे मृत्यू 73 दाखवले होते, तर 21 एप्रिलपर्यंतची तेथील अधिकृत नोंद 67 होती. ही विसंगती प्रसिद्धीनंतर बाहेरच्यांनी उघडकीस आणली. निबंधासाठी माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी दिली नाही, त्यामुळे 4 जूनला तिघा लेखकांनी निबंध मागे घेतला. ही माहिती परीक्षकांनी मागितली होती काय, हे निबंध वाचणाऱ्या डॉक्टरांना समजण्याचा मार्ग नव्हता, कारण अभिप्राय निबंधासोबत छापलेले नव्हते.

परीक्षकाचे नाव उघड केले की सारे सुधारेल, असे मात्र नाही. ‘बीएमजे’ने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक चाचणीत, म्हणजे कोणाचे नाव कळवायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेल्या अभ्यासात, नाव लेखकांना कळल्याने अभिप्रायाचा दर्जा लक्षणीय बदलला नाही, उलट परीक्षणास नकार देणारे वाढले. एखाद्या उपशाखेत सगळेच एकमेकांना ओळखत असताना तरुण डॉक्टराने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या निबंधातील चूक स्वतःच्या नावाने दाखवणे किती जड जाते, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. ‘बीएमजे’नेच 2014 पासून परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरे निबंधासोबत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि स्वागत समितीला हेच पाऊल अधिक मोलाचे वाटते.

म्हणून प्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे, की परीक्षक किती होते, निबंध केव्हा आला व केव्हा स्वीकारला, मूळ माहिती कोणी तपासली आणि अभिप्राय काय होते, एवढे प्रत्येक निबंधासोबत छापण्याचा ठराव याच परिषदेत संमत करावा.