मातींतील विष आणि मातींतील जीव

शेतकरी पिकावर औषध फवारतो तें किडीसाठीं. परंतु फवाऱ्याचे सारेच थेंब किडीवर पडत नाहींत. त्यांतील बराचसा अंश पानांवरून ओघळून किंवा पावसाबरोबर धुपून जमिनींत उतरतो. कीड मेली म्हणजे शेतकऱ्याचें काम संपलें. मातीचें काम मात्र तेथून सुरू होतें.

माती म्हणजे दगडाचा भुगा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः सुपीक जमिनीच्या चिमूटभर मातींत कोट्यवधि जीवाणु नांदत असतात. काडीकचऱ्याचें खत करणें, हवेंतील नत्र धरून ठेवणें, अमोनियापासून पिकाला मानवेल असें नायट्रेट बनविणें, हे त्यांचे नित्याचे उद्योग होत. मातींत उतरलेल्या विषाचा कांहीं भाग ऊन व पाणी फोडतात. कांहीं भाग चिकणमातीच्या व कुजलेल्या पाल्याच्या कणांना चिकटून बसतो. उरलेल्याचा समाचार बव्हंशीं हे जीवाणूच घेतात.

याचें एक नामांकित उदाहरण फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत घडलें. तेथील खाचरांत तुडतुड्यांसाठीं डायझिनॉन हें औषध वारंवार घालण्यांत येई. आरंभीं त्याचा गुण चांगला येत असे. पुढें तो येईनासा झाला. कारण शोधतां असें दिसून आलें कीं, पूर्वीं औषध घातलेल्या खाचराच्या पाण्यांत तें फार झपाट्यानें नाहींसें होतें. अन्नछत्र उघडलें म्हणजे जेवणारे जमतात, तसेंच येथें झालें होतें. विषाचें अन्न करूं शकणाऱ्या जीवाणूंची तेथें भरभराट झाली होती. १९७३ सालीं सेतुनाथन् व योशिदा या शास्त्रज्ञांनीं असा एक जीवाणु वेगळा काढून दाखविला. डायझिनॉनबरोबर पॅराथिऑन या जहाल विषाचाहि तो रेणु फोडीत असे.

मग चिंतेचें कारण तें काय उरलें, असें कोणी म्हणेल. कारणें दोन आहेत. पहिलें असें कीं, औषधाचा गुण येत नाहीं असें पाहून शेतकरी मात्रा वाढवितो. खर्च वाढतो, कीड तशीच राहते, आणि मातींतील नत्रकारी जीवाणूंसारख्या नाजूक मंडळींवर नवा मारा होतो. बेताच्या मात्रेनंतर जीवाणूंची संख्या घटली तरी ती बहुधा पुनः सांवरते. परंतु माऱ्यावर मारा झाला म्हणजे सांवरण्यास उसंत मिळत नाहीं.

दुसरें कारण असें कीं, सर्वच विषें इतकीं सहज फुटत नाहींत. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं शोधून काढला व त्याबद्दल १९४८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हें द्रव्य मोकळ्या हवेच्या मातींत मोडूं लागलें म्हणजे त्याचें डीडीई होतें, आणि तें वर्षानुवर्षें टिकतें. चारा, दूध व चरबी यांच्या वाटेनें तें माणसाच्या अंगांत येतें. भारतांत शेतीसाठीं डीडीटीचा वापर १९८९ सालीं व बीएचसीचा १९९७ सालीं बंद झाला. परंतु कायद्यानें विक्री थांबते, मातींतील विष तत्काळ निघत नाहीं.

तथापि निराशेचें कारण नाहीं. सेतुनाथन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कटक येथें, बीएचसी घातलेल्या भाताच्या मुळांजवळील मातींतून एक जीवाणु मिळविला. १९९० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. बीएचसीच्या घटकांपैकीं सर्वांत चिवट असा बीटा नांवाचा घटकहि तो मोडूं शकतो. आज तो स्फिंगोबियम इंडिकम या नांवानें ओळखला जातो.

माती अशी सोशिक व उद्योगी आहे. पण तिला अन्न आणि अवकाश दोन्ही हवीं. शेणखत व पालापाचोळा हें तिचें अन्न. औषध बदलून, गरजेपुरतेंच वापरणें हा तिचा अवकाश. बाजारांत निष्कलंक, चकचकीत वांगेंच निवडून घेणाऱ्या शहरांतील गृहस्थानेंहि एवढें ध्यानांत ठेवावें कीं, त्या चकाकीचा हिशेब कोठल्या तरी शेताच्या मातीला चुकवावा लागत असतो.